बुजवलेल्या टाक्यांचे पाणी

पुणे-बंगळूर महामार्ग ज्या काळी निपाणी आणि बेळगाव या गावांच्या भरवस्तीतून जात असे, त्या काळी मालमोटारी, एस. टी. गाड्या आणि तंबाखूची पोती वाहणारी वाहने यांच्या सोयीसाठी या रस्त्याच्या कडेला पेट्रोलपंप उभे राहिले. पुढे वळणरस्ते झाले. 1999 नंतर सुवर्ण चतुष्कोन योजनेखाली महामार्ग चौपदरी झाला आणि वाहतुकीचा लोंढा गावाबाहेर गेला. जुना रस्ता ‘पी. बी. रोड’ या नावाने गावातच राहिला. वाहतूक गेली की पंपांचा धंदाही तिच्यामागून जातो. काही पंप नव्या रस्त्यावर जातात, काही कसेबसे तग धरतात, काही बंद पडतात आणि त्यांच्या जागी दुकानांचे गाळे, लॉज, मंगल कार्यालय किंवा सदनिका उभ्या राहतात. पंपाची छपरी पाडली जाते, यंत्रे उचलून नेली जातात, पाटी उतरते. जमिनीखालच्या टाकीचे काय झाले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. ती काढली, वाळू भरून बुजवली, की तशीच सोडून वर फरशी घातली? आणि ती जितकी वर्षे वापरात होती तितक्या वर्षांत तिच्यातून खाली काय झिरपले?

अमुक पंपाची टाकी गळत होती, असा आरोप आम्ही येथे करीत नाही. आमचे म्हणणे त्याहून साधे आहे. बेळगाव-निपाणी पट्ट्यात ज्या ज्या जागी पूर्वी भूमिगत इंधनटाक्या होत्या, त्या प्रत्येक जागेची यादी व्हावी, तेथील माती आणि जवळच्या विहिरींचे पाणी तपासले जावे, आणि हे झाल्यावाचून त्या जागेवर नवे बांधकाम होऊ नये. हे किनाऱ्यावरच्या वर्तमानपत्राने का सांगावे, असे कोणी म्हणेल. किनाऱ्यावरच्या घरांतील भाजी आणि दूध बऱ्याच अंशी बेळगावाहून येते, तेथे आपली सोयरीक आहे, आणि म्हादईही त्याच जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातून खाली उतरते. शिवाय इंधन जमिनीत मुरले की विहिरीचे काय होते, हे गोमंतकाने स्वतःच्या अंगणात पाहिलेले आहे.

जानेवारी 2024 मध्ये मुरगाव तालुक्यातील दाबोळी-चिखली परिसरात विहिरींच्या पाण्याला इंधनाचा वास येऊ लागला. पाण्यावर तवंग दिसला आणि त्या पाण्याने पेटही घेतला. मुरगाव बंदरातून सांकवाळच्या साठवण टाक्यांकडे जाणाऱ्या भूमिगत वाहिनीकडे संशयाची सुई वळली, प्रशासन हलले, वाहिनी थांबवावी लागली. या प्रकरणातील एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. गळती प्रथम लक्षात आली ती विहिरीवर पाणी भरणाऱ्या माणसांच्या. जमिनीत हजारो लिटर इंधन वाहून नेणारी व्यवस्था एकीकडे आणि तिची पहिली सूचना देणारे साधन म्हणजे गृहिणीचे नाक, अशी ही परिस्थिती. चेन्नईच्या तोंडियारपेट भागात 2013 साली हेच झाले. बंदरापासून आलेल्या इंधनवाहिनीतून झालेली गळती कूपनलिकांतून वर आली तेव्हा रहिवाशांना कळली, आणि राष्ट्रीय हरित लवादापुढे प्रकरण जाऊन माती व पाणी स्वच्छ करण्याचे काम पुढे वर्षानुवर्षे चालले. मेक्सिकोतील ग्वादालाहारा शहरात तर लोक काही दिवस गटारांतून पेट्रोलचा वास येतो म्हणून तक्रारी करीत होते. 22 एप्रिल 1992 रोजी ती गटारे मैलोगणती फुटली आणि दोनशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली.

हे तिन्ही प्रसंग वाहिन्यांचे आहेत आणि मोठ्या गळतीचे आहेत, म्हणून ते डोळ्यांत भरले. टाकीची गळती अशी एका दिवसात जगजाहीर होत नाही. ती मुकी असते. सेकंदाला एक थेंब एवढीच गळती धरली तरी दिवसाला सुमारे सव्वाचार लिटर आणि वर्षाला दीड हजार लिटर इंधन जमिनीत जाते. पूर्वी पंपावरचा माणूस सकाळी टाकीत दांडी सोडून साठा मोजत असे आणि तो आकडा वहीत मांडत असे. उन्हाने इंधन फुगते, थंडीने आकसते, काही वाफ होऊन उडते, टँकरच्या मापात थोडेबहुत इकडेतिकडे होते. दिवसाला चार लिटरांची तूट या सगळ्या हिशेबात सहज लपून जाते. यात कोणाची लबाडी असावीच लागते असे नाही, मोजण्याची पद्धतच तेवढी ढोबळ होती. त्यातून त्या काळच्या टाक्या साध्या पोलादी पत्र्याच्या. निपाणीकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. या ताणाने नळांचे सांधे ढिले होतात, आणि ओल धरून राहणाऱ्या त्या मातीत पोलाद गंजण्यास फार काळ लागत नाही. पंपवाल्यांचा अनुभव असा की टाकीपेक्षा तिला जोडलेले नळच आधी दगा देतात.

आता थोडे पेट्रोलाविषयी. त्यात बेंझिन नावाचे द्रव्य असते. रक्ताचा कर्करोग उत्पन्न करणारे म्हणून ते जगभर मान्य झाले आहे, आणि पिण्याच्या पाण्यात ते लिटरला दहा मायक्रोग्रॅमहून अधिक नसावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडील आजच्या पेट्रोलात बेंझिनाची मर्यादा एक टक्का आहे. म्हणजे एका लिटर पेट्रोलात पावणेनऊ ग्रॅम बेंझिन असू शकते, आणि ते सर्व पाण्यात उतरले तर साडेआठ लाख लिटरांहून अधिक पाणी त्या मर्यादेपर्यंत दूषित करण्यास पुरते. प्रत्यक्षात सर्व बेंझिन पाण्यात उतरत नाही. काही वाफ होते, काही मातीतले जीवाणू खाऊन टाकतात. तरीही हे प्रमाण लक्षात ठेवण्याजोगे आहे. एका सबंध गावाची विहीर नासवण्यास टँकर उलथावा लागत नाही. नाकावर भिस्त ठेवण्यातही अर्थ नाही. बेंझिनाचा वास माणसाला येतो तो ही मर्यादा शेकडो पटींनी ओलांडल्यावर. पेट्रोलातील इतर घटक त्याआधी वास देतात खरे, पण जुन्या गळतीत ते उडून गेलेले असण्याचा संभव असतो.

जुन्या टाक्यांच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. त्यापूर्वीच्या पेट्रोलात शिशाचे संयुग मिसळलेले असे, आणि ते शिसे इंजिनात साचू नये म्हणून इथिलीन डायब्रोमाइडसारखी द्रव्ये घातली जात. हे द्रव्य पाण्यात सहज मिसळते आणि भूजलात दीर्घकाळ टिकते. तेव्हा ज्या पंपाची उमर 1970 किंवा 1980 च्या दशकातली आहे, तेथे बेंझिनापुरती तपासणी पुरेशी नव्हे. नव्या टाक्याही चिंतामुक्त नाहीत. 2025 सालापर्यंत पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने गाठले आणि त्यातले पुष्कळसे इथेनॉल बेळगाव जिल्ह्यासारख्या उसाच्या मुलखातच तयार होते. शेतकऱ्याला त्याचा लाभ झाला, तो व्हावाच. परंतु इथेनॉल पाणी ओढून घेते, जुन्या टाकीच्या तळाशी ओल धरते, आणि असे इंधन जमिनीत सांडले तर मातीतले जीवाणू आधी इथेनॉलवर तुटून पडतात. बेंझिन मागे राहते आणि पाण्याबरोबर अधिक दूर जाते.

ते कोणत्या दिशेने जाते हा या प्रदेशातला खरा अवघड प्रश्न आहे. नदीकाठच्या वाळूत पाणी एका संथ प्रवाहात सरकते, त्याचा माग काढता येतो. निपाणीखाली काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याच्याखाली काळा कातळ आहे. या कातळात पाणी राहते ते त्याच्या भेगांत आणि सांध्यांत. बेळगावच्या पश्चिमेस आणि खानापुराकडे जांभा आहे, त्याच्या पोटात नळ्यांसारखी छिद्रे असतात. इंधन पाण्याहून हलके असल्याने ते भूजलावर तरंगते. पावसाळ्यात पातळी वर चढली की तेही वर चढते आणि वाटेतली माती माखून ठेवते. उन्हाळ्यात पाणी उतरले की ते खाली जाते, पण माखलेली माती तशीच राहते आणि पुढच्या पावसात पुन्हा पाझरू लागते. टाकीच्या शेजारची विहीर स्वच्छ आणि दोन गल्ल्या पलीकडची नासलेली, असेही भेगाळ कातळात घडू शकते. म्हणून शेजारच्या एका विहिरीचे पाणी बाटलीत भरून आणले आणि ते ठीक निघाले, एवढ्यावर प्रकरण मिटवणे म्हणजे तपासणी नव्हे.

मग तपासणी म्हणावी कशाला? टाकीच्या तळाखालून, नळांच्या रेषेतून आणि यंत्रे जेथे उभी होती तेथून गिरमिटाने मातीचे नमुने घ्यावे लागतात. मातीतून येणारी वाफ मोजणारे हातातले यंत्र असते, त्याने जागीच अंदाज येतो. भूजल कोणीकडे वाहते हे ठरवण्यासाठी निदान तीन ठिकाणी निरीक्षणाची छिद्रे घ्यावी लागतात, कारण उतार दोन बिंदूंवरून कळत नाही. पाण्याचा नमुना काचेच्या लहान कुपीत, वर हवेला जागा न ठेवता भरून बर्फात ठेवून न्यावा लागतो. नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत जे शोधायचे तेच उडून जाते. येथे वाचकांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. आपण विहिरीचे पाणी ‘तपासून घेतले’ असे म्हणतो तेव्हा बहुधा क्षार, कठीणपणा, नायट्रेट आणि जंतू एवढेच पाहिलेले असते. त्या अहवालावर ‘पिण्यास योग्य’ असा शिक्का असला तरी पेट्रोलाबाबत तो अहवाल मुका आहे. बेंझिन पाहायचे तर तसे नाव घालून मागावे लागते आणि त्याची यंत्रसामग्री असलेल्या प्रयोगशाळेकडेच नमुना जावा लागतो.

कायद्याची उणीव आहे असे कोणी म्हणू नये. 1974 च्या जलप्रदूषण कायद्याने प्रवाहाच्या व्याख्येत भूगर्भातील पाणीही धरले आहे. राजस्थानातील बिच्छरी गावच्या विहिरी रासायनिक कारखान्यांच्या मळीने लाल झाल्या, ते कारखाने बंद पडले तरी जमिनीतले विष तसेच राहिले. त्या प्रकरणात 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्ध शब्दांत ठरवून दिले की घाण करणाऱ्यानेच ती निस्तरण्याचा खर्च सोसावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 च्या जानेवारीत पंपांसाठी मार्गदर्शक सूत्रे काढली, शाळा, रुग्णालये आणि घरांपासून पन्नास मीटरांचे अंतर सांगितले. परंतु ती नव्या पंपांसाठी. बंद पडलेल्या पंपांचा विचार करण्यास खरा आधार मिळाला तो जुलै 2025 मध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांविषयी अधिसूचित केलेल्या नियमांनी. या नियमांनुसार जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित दूषित जागांची माहिती द्यावयाची आहे. त्यानंतर नव्वद दिवसांत प्राथमिक पाहणी, पुढील तीन महिन्यांत सविस्तर पाहणी, आणि दूषितता ठरली तर जागा जाहीर करून तेथील वावरावर निर्बंध. जबाबदार कोण हे राज्याच्या मंडळाने नव्वद दिवसांत ठरवायचे आणि खर्च त्याच्याकडून वसूल करायचा. नियम चांगले आहेत. मात्र एकदा दूषित ठरलेली जागा केव्हापर्यंत स्वच्छ झालीच पाहिजे, याची मुदत त्यांत नाही. आपल्या सरकारी व्यवहारात मुदत नसणे याचा अर्थ काय होतो, हे वाचकांस सांगण्याची गरज नाही.

आणि सर्व गाडी यादीवर अडते. जी जागा यादीत नाही तिची पाहणी नाही. येथे जिल्हा प्रशासनाला ‘माहिती उपलब्ध नाही’ असे म्हणण्याची सोय नाही, असे आमचे मत आहे. पंपाला परवाना मिळण्यापूर्वी पेट्रोलियम नियमांखाली जिल्हाधिकाऱ्याचे ना हरकत पत्र लागते, आणि परवाना देणाऱ्या केंद्रीय स्फोटके विभागाचे मुख्यालय नागपुरात आहे. प्रत्येक पंपाचा जन्म अशा रीतीने दोन कचेऱ्यांच्या कागदांत नोंदलेला असतो, टाक्या किती आणि कोठे हे दाखवणाऱ्या नकाशासह. बेळगावच्या जिल्हाधिकारी कचेरीत तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंतची यंत्रणा आहे. जुन्या फायली काढून आजच्या नकाशावर खुणा करणे हे दोन-तीन महिन्यांचे काम आहे. त्याच खुणांत परिवहन मंडळाच्या जुन्या आगारांतल्या डिझेलटाक्या आणि कारखान्यांच्या खासगी टाक्याही याव्यात.

खर्चाचा प्रश्न निघाला की जागामालक आणि पंपचालक यांच्याकडे बोट दाखवले जाते. ते बहुतेक वेळा न्याय्य नाही. आपल्याकडे सामान्यतः टाक्या आणि यंत्रे तेलकंपनीच्या मालकीची असतात. वयस्क वाचकांना बर्मा-शेल, एस्सो, कॅल्टेक्स या पाट्या आठवत असतील. 1974 ते 1978 या काळात त्या कंपन्यांचा भारतातील कारभार सरकारी मालकीच्या कंपन्यांकडे आला. पंप, जागा, टाक्या, नफा असे सारे घेतले, तर त्या टाक्यांखालची मातीही घेतली असे मानणेच रीतीला धरून होईल. अमेरिकेत हा हिशेब वेळीच झाला. तेथे 1984 साली भूमिगत टाक्यांसाठी स्वतंत्र कायदा आला. 1986 मध्ये दर गॅलन इंधनावर सेंटचा दहावा हिस्सा कर बसवून सफाईचा निधी उभारला गेला, आणि जुन्या टाक्या सुधारा किंवा काढून टाका यासाठी डिसेंबर 1998 ही मुदत ठरली. आजवर तेथे साडेपाच लाखांहून अधिक गळत्या नोंदल्या गेल्या आणि त्यांतील बहुतेकांची सफाई झाली. त्या देशातल्या टाक्या आपल्यापेक्षा वाईट होत्या म्हणून हा आकडा मोठा दिसतो, असे कोणी समजू नये. त्यांनी उकरून पाहिले, म्हणून त्यांना सापडल्या. लिटरमागे आपल्याकडे दोन सरकारे जो कर घेतात, त्यातील एक पैसा या कामासाठी बाजूस काढणे अशक्य कोटीतले नाही.

सीमाभागात या साऱ्याला आणखी एक पदर आहे. निपाणीजवळ वेदगंगा आणि दूधगंगा कोल्हापूर जिल्ह्यातून उतरून कर्नाटकात शिरतात. कोगनोळीच्या नाक्याच्या दोन्ही बाजूंस इंधनाचे भाव दोन्ही राज्यांच्या करांप्रमाणे बदलतात, आणि धंदा ज्या बाजूस स्वस्त तिकडे झुकतो. भावातला हा फरक उलटला की एका बाजूचे पंप भरभराटतात आणि दुसऱ्या बाजूचे ओस पडतात. म्हणजे बंद टाक्या वाढण्याचे कारण येथे इतर प्रदेशांपेक्षा एक अधिकच आहे. सीमावादाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याबाबतची आमची भूमिका वाचकांस ठाऊक आहे. तिचा निकाल लागेपर्यंत विहिरींनी थांबावे, असे मात्र कोणत्याही बाजूस म्हणता येणार नाही. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या प्रदूषण मंडळांनी या पट्ट्याची पाहणी एकत्र करावी, आणि विहिरीचे पाणी पिऊ नका ही सूचना काढण्याची वेळ आलीच तर ती ज्याची विहीर आहे त्याला वाचता येईल अशा भाषेत, म्हणजे कन्नडबरोबर मराठीतही, काढावी. ही मागणी अस्मितेची नाही. न वाचता आलेल्या सूचनेने कोणाचा जीव वाचत नाही, एवढाच तिचा अर्थ.

बेळगाव हे मूळचे विहिरींचे शहर आहे. 1924 च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली विहीर आजही तेथे आहे. राकसकोप आणि हिडकल येथून नळाचे पाणी आले तरी टंचाईच्या वर्षी शहराला याच जुन्या विहिरी आठवतात, गाळ काढला जातो, पंप बसवले जातात. बाळंतीण सव्वा महिन्यानंतर ज्या विहिरीची ओटी भरते त्या विहिरीचे पाणी निर्मळ आहे की नाही, हे टंचाईपूर्वी कळलेले बरे. जागा विकत घेणाऱ्यानेही उतारा आणि बोजा पाहताना पूर्वी येथे पंप होता काय एवढे विचारावे. मातीत मुरलेले इंधन खरेदीखतात दिसत नाही, पण तळघर खोदताना त्याची वाफ मात्र वर येते, आणि ती कामगाराच्या छातीत जाते.

पाहणी सुरू करायची तर कोठून, हे ठरवण्यासाठी समितीची आवश्यकता नाही. जुन्या पी. बी. रोडच्या दोन्ही अंगांस, बेळगावातील खानापूर रस्त्यावर आणि निपाणी शहरात ज्या जागी वीस वर्षांपूर्वी पंप होता आणि आता नाही, त्या जागा प्रथम घ्याव्यात. त्यांच्या भोवतालच्या वापरातल्या विहिरींचे आणि कूपनलिकांचे नमुने एकदा मे महिन्यात, पाणी तळाशी गेलेले असताना, आणि दुसऱ्यांदा दसऱ्याच्या सुमारास, पाणी चढलेले असताना घ्यावेत. दोन्ही वेळचे आकडे पंचायतीच्या आणि नगरपालिकेच्या फलकावर लावावेत. एखाद्या विहिरीत बेंझिन सापडलेच, तर तिच्यावर अवलंबून असलेल्या घरांना त्याच दिवसापासून दुसरे पाणी मिळाले पाहिजे. दोषी कोण हे ठरण्यासाठी नियमांनी दिलेले नव्वद दिवस त्या घरांनी तहानेत काढावयाचे नाहीत.